चारास तीन

बुद्धिबळात आपल्यापेक्षा पाचशे-सहाशे रेटिंगनं (निकालांवरून ठरणाऱ्या ताकदीच्या आकड्यानं) वरचा खेळाडू समोर आला की कोल्हापुरात दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. पहिला सल्ला, ‘डाव गुंतवून टाक. सगळीकडं आग लाव, काहीतरी सापडेल.’ दुसरा, ‘मारामारी करून मोहरी संपवून टाक, ड्रॉ होऊन जाईल.’ मी दोन्ही बरीच वर्षं ऐकले आणि पाळलेसुद्धा. पहिल्यात आपणच आधी जळतो, कारण गुंतलेल्या डावात ज्याला चार चाली पुढचं दिसतं त्याचंच फावतं. दुसऱ्यात मरण सावकाश येतं, एवढाच फरक. गेल्या हिवाळ्यात राजारामपुरीतल्या एका मंगल कार्यालयात झालेल्या खुल्या स्पर्धेत मी जो डाव खेळले, त्यात मला तिसरी वाट सापडली. ती लिहून ठेवावी असं तेव्हापासून मनात आहे. आपल्याकडं माझ्यासारखे खेळाडू पुष्कळ आहेत. नोकरी सांभाळून खेळणारे, पंधराशे-सोळाशेच्या आसपास रेटिंग असलेले, पहिल्या फेरीत दर वेळी एखाद्या डोंगरासमोर बसवले जाणारे.

पहिल्या फेरीत असं का होतं, ते आधी सांगते, कारण स्पर्धा बघायला येणारे नातेवाईक हेच विचारतात. आपल्या खासबागेत जोड ठरते तेव्हा वस्ताद मंडळी दोन्ही पैलवान तोलून बघतात. वजन, वय, आधीच्या कुस्त्या, सगळं बघून बरोबरीची जोड लावतात. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या त्या मैदानात विजोड कुस्ती लागली तर लोकच ओरडतील. बुद्धिबळाच्या स्विस पद्धतीत मात्र पहिली फेरी मुद्दाम विजोड असते. सगळ्या खेळाडूंना रेटिंगप्रमाणं उतरत्या क्रमानं लावायचं, यादी मधोमध कापायची आणि वरच्या अर्ध्यातला पहिला खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी असं बसवायचं. आमच्या स्पर्धेत एकशेवीस नोंदी होत्या. माझा क्रमांक एकाहत्तरावा. म्हणजे समोर अकरावा. माझं रेटिंग १५६८, तिचं २१४३.

हो, ‘तिचं’. चौदा वर्षांची मुलगी, सांगलीकडची.

माझ्या १५६८ चीही एक गोष्ट आहे. मार्च २०२४ पर्यंत मी १२८० होते. तेव्हा जागतिक संघटनेनं, म्हणजे फिडेनं, दोन हजारांच्या खालच्या सगळ्यांचं रेटिंग एका सूत्रानं वर उचललं. दोन हजारांपासून तुम्ही जितके दूर, त्याच्या ४० टक्के भर. मला ७२० कमी होते, म्हणून २८८ मिळाले. खेळ काही त्या रात्रीत सुधारला नाही, पण यादीतली जागा बदलली आणि त्याबरोबर समोर येणारी माणसंही.

आता खरं गणित. आमच्या पातळीवर रेटिंगमध्ये चारशेहून जास्त फरक असला तरी तो चारशेच धरतात. चारशेच्या फरकाला वरच्या खेळाडूकडून डावामागं ०.९२ गुणाची अपेक्षा असते, खालच्याकडून ०.०८ ची (विजयाला एक गुण, ड्रॉला अर्धा). मी प्रौढ, माझा गुणक, म्हणजे अपेक्षा आणि निकाल यांच्यातल्या फरकाला ज्यानं गुणून रेटिंग बदलतात तो आकडा, २०. हरले तर १.६ जाणार, ड्रॉ केला तर ८.४ मिळणार, जिंकले तर १८.४. त्या मुलीचं वय अठराच्या आत आणि रेटिंग २३०० च्या खाली, म्हणून तिचा गुणक ४०. जिंकून तिला फक्त ३.२ मिळणार होते. ड्रॉ झाला तर १६.८ जाणार होते, हरली तर ३६.८. आठ तास झोप झालेल्या माझ्यासारख्या बाईला हे कागदावर छान वाटतं, पण तिच्या जागी बसून बघा. ती पोरगी ड्रॉ का घेईल? तिला शेवटपर्यंत खेळावंच लागणार. तेव्हा साधी बरोबरी धरून ठेवली की ती कंटाळून हात पुढं करेल हा विचार मी घरीच सोडून आले होते. ड्रॉ मी स्वतः मागायचा नाही हेही ठरलं होतं. वरच्या खेळाडूला खालच्यानं सारखं ‘ड्रॉ?’ विचारणं आमच्याकडं बरं दिसत नाही.

सकाळी मी शाहूपुरीतून चालतच गेले. हॉलमध्ये आदल्या दिवशीच्या लग्नाच्या फुलांचा वास होता, स्टेजवरची झालर तशीच होती. लांब टेबलांवर पांढरे कापड, त्यावर पट, घड्याळं, स्कोअरशीट. मोबाइल बंद करून बाहेर टेबलावर जमा करायचे. मुख्य पंचांनी माइकवरून नियम सांगितले. हात लावला की ते मोहरं खेळायचंच, नुसतं नीट ठेवायचं असेल तर आधी बोलून दाखवा, नव्वद मिनिटं अधिक प्रत्येक चालीला तीस सेकंद. आणि तीस सेकंदांची वाढ असल्यामुळं वेळ कितीही कमी उरली तरी चाली लिहीतच राहायच्या. हा शेवटचा नियम पुढं माझ्या फार उपयोगी पडला.

मुलगी आली ती तिच्या वडिलांबरोबर. ते दारापर्यंत थांबले, तिच्या हातात पाण्याची स्टीलची बाटली दिली आणि निघून बाहेर झाडाखाली बसले. तिनं खुर्चीवर मांडी घातली, वहीसारखी सरळ अक्षरात दोघींची नावं लिहिली आणि हात पुढं केला. ‘ऑल द बेस्ट, काकू.’

‘तुलाही, बाळ.’

चौदा वर्षांच्या मुलीसमोर बसायला माझ्या वयाच्या काही जणांना अवघड वाटतं. मला नाही वाटत. महाराष्ट्रात तरी ही गोष्ट नवी नाही. १९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या भाग घेण्यावरून वाद झाला, तो थेट जागतिक संघटनेपर्यंत गेला आणि स्त्री म्हणून कुणाला अडवता येणार नाही असा निर्णय आला. आमच्या कोल्हापूरची ऋचा पुजारी वुमन इंटरनॅशनल मास्टर झाली. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला, अंतिम सामन्यात कोनेरू हम्पीला हरवून, आणि त्याच विजयानं ती ग्रँडमास्टर झाली. त्यानंतरच्या प्रत्येक स्पर्धेत मला मुलींची गर्दी जास्त दिसते. मी शाळेत असताना आख्ख्या हॉलमध्ये आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होतो.

काळी मोहरी माझ्याकडं आली. तिनं वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकलं, मीही टाकलं. क्वीन्स गॅम्बिट नावाची सुरुवात, आणि चौथ्या चालीला तिनं मधली प्यादी मारून घेतली. तिचाच एक प्रकार, एक्स्चेंज व्हेरिएशन. ही पाहिली आणि मला बरं वाटलं, कारण यात पहिल्या पंधरा चालींत अंगावर काही येत नाही. पण याच्यासारखा दमवणारा डावही दुसरा नाही. पांढऱ्याची योजना सगळ्या जगाला माहीत आहे. वजिराच्या बाजूला काळ्याची तीन प्यादी असतात, पांढऱ्याची दोन. त्या दोन प्याद्यांनी तीनवर चालून जायचं. कमी लोकांनी जास्त लोकांवर केलेली चढाई, म्हणून तिला मायनॉरिटी अटॅक म्हणतात. (पटाच्या उभ्या पट्ट्या पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या रांगा त्याच्या बाजूनं एक ते आठ.) बी पट्टीतलं प्यादं पुढं नेऊन सी-६ वर आपटायचं, म्हणजे काळ्याच्या सी-६ वर एक प्यादं उरतं ज्याला राखायला दुसरं प्यादंच नाही. मग उरलेला डावभर त्या एका प्याद्याला मारायला यायचं.

तिनं हेच केलं. हत्ती बी पट्टीत, मग बी-४, मग बी-५. मी मधल्या वेळात घोडा ई-४ वर नेऊन काळ्या घरांचे उंट मारून घेतले, ए पट्टीतली प्यादी गेली, हत्तींची एक जोडी गेली. यात माझं स्वतःचं असं काही नव्हतं, पुस्तकी चाली. ती प्रत्येक चाल करून उठायची, वरच्या पटांवर एक चक्कर मारून यायची. उभी राहूनच माझी चाल बघायची, बसायची, लिहायची, खेळायची. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. घाईही नव्हती.

आणि इथं मला पहिल्यांदा नीट दिसलं की वरच्या खेळाडूची ताकद नेमकी कुठं असते. आम्हाला वाटतं ते हत्ती फेकतात, वजीर देतात, मात करतात. यातलं एकही तिनं केलं नाही. माझ्याकडं करण्यासारखं काही नाही हे तिला माझ्याआधी कळलं होतं. म्हणून मध्येच, सी-६ वर घाव घालायच्या ऐन वेळी, तिनं एच-३ करून राजाला पळायला खिडकी ठेवली. इतकी साधी चाल. त्यावर मी बराच वेळ घालवला, कारण त्या चालीत धमकी शोधत बसले आणि धमकी नव्हतीच. ती नुसती म्हणत होती, ‘मला वेळ आहे, तुमचं चालू द्या.’ नंतर वळून बघताना कळतं की पुढं सगळी मोहरी गेल्यावर ती खिडकी नसती तर तिचा हत्ती पहिली रांग सोडूच शकला नसता.

सव्विसाव्या चालीपर्यंत माझं सी-६ चं प्यादं उघडं पडलं. वजीर आणि हत्ती त्याच्यावर रोखलेले. मी वजीर, हत्ती आणि उंट लावून ते धरून ठेवलं होतं. अशा जागी माझ्यासारखे खेळाडू धरूनच बसतात. प्यादं सोडायचं म्हणजे हरल्यासारखं वाटतं. पण मला एक गोष्ट माहीत होती, आणि ती माहीत असणं हाच या लेखाचा मुद्दा आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या एका निवृत्त मास्तरांनी मला सांगितलं होतं, ‘ओपनिंगच्या मागं लागू नकोस. तुझी रेटिंगवाली माणसं एंडगेम शिकत नाहीत, तिथं आपण पुढं जायचं.’ त्यांच्या घरी रविवारी मी हत्तींचे शेवट, म्हणजे राजे, हत्ती आणि प्यादी एवढंच उरलेले एंडगेम, शिकत होते. तेच ते, पुन्हा पुन्हा. पतसंस्थेत कॅश जुळली की उरलेल्या दहा मिनिटांत वहीच्या मागच्या पानावर पट काढून.

हत्तींच्या शेवटात एक प्रसिद्ध स्थिती आहे. दोघांकडं एकेक हत्ती, सगळी प्यादी राजाच्या एकाच बाजूला, एकाची चार, दुसऱ्याची तीन. ई, एफ, जी, एच विरुद्ध एफ, जी, एच. एक प्यादं कमी असूनही ही स्थिती बरोबरीची मानतात, बचाव बरोबर केला तर. खेळायला सोपी नाही, मोठमोठे यात हरलेत. पण वाट आहे, आणि ती वाट २१४३ वाल्याला जेवढी माहीत असते तेवढीच १५६८ वाल्याला माहीत असू शकते. मधल्या डावात तिला माझ्यापेक्षा दसपट दिसत होतं. तिथं मी थांबले असते तर सी-६ आज नाही तर उद्या जाणारच होतं, आणि तेव्हा पटावर वजीर, घोडे, सगळं असतानाच गेलं असतं. म्हणून मी ठरवलं, प्यादं माझ्या अटीवर द्यायचं.

मी सी-५ खेळले. तिनं मारलं, मी परत मारलं. आता डी-५ वर माझं एकटं प्यादं उरलं, पण पट मोकळा झाला. पुढच्या काही चालींत वजीर गेले, उंट गेले. तिचा घोडा आणि हत्ती डी-५ वर, राखायला माझा एकटा घोडा. तिनं घोड्यानं प्यादं घेतलं, मी घोडा मारला, तिच्या हत्तीनं परत मारला. तिनं ती चाल लिहिली आणि या वेळी उठली नाही. तिच्याकडं चार प्यादी, माझ्याकडं तीन, एकेक हत्ती. मी ज्या दारातून आत जाऊ बघत होते, त्या दारात आम्ही दोघी उभ्या होतो.

या स्थितीत काळ्याला एकच गोष्ट मनापासून हवी असते, एच-५. एफ-७, जी-६, एच-५ अशी प्यादी लागली की पांढऱ्याला जी-४ करून जागा घेणं महाग पडतं. ते करायला त्याला प्यादी मारून घ्यावी लागतात, आणि प्यादी जितकी कमी होतील तितका बचाव सोपा. पण तिचा हत्ती डी-५ वर, म्हणजे पाचव्या रांगेवर होता. मी लगेच एच-५ खेळले असते तर त्यानं ते नुसतं उचललं असतं. म्हणून आधी जी-६. या एका चालीच्या वेळात ती जी-४ करू शकत होती. मी जी-६ खेळून घड्याळ दाबलं आणि पटाकडं न बघता तिच्या पेनकडं बघत राहिले. निळं जेल पेन, टोपण दातांनी चावलेलं.

तिनं हत्ती सातव्या रांगेवर नेला. कुणीही नेला असता, सातव्या रांगेवरचा हत्ती देखणा दिसतो. मी एच-५ केलं.

पुढचे दोन तास वेगानं सांगते, कारण त्यात घटना थोड्या आणि घाम जास्त. तिनं राजा बाहेर काढला, हत्ती या पट्टीतून त्या पट्टीत फिरवला, मला मागं हटवायला बघितलं. माझं काम एवढंच की हत्ती तिच्या मागून, लांबून त्रास देत ठेवायचा आणि प्याद्यांना विनाकारण हात लावायचा नाही. हॉल रिकामा होत गेला. पहिल्या पटावरचा डाव कधीच संपला होता. स्वयंपाकघराच्या बाजूनं भांड्यांचे आवाज यायला लागले. तिनं शेवटी जी-४ केलं, मी मारलं, तिनं एच प्याद्यानं परत मारलं. तीनास दोन. मग एफ-४, ई-४, एफ-५. मी जी प्याद्यानं मारलं, तिनं जी प्याद्यानंच परत. दोनास एक. ही प्रत्येक मारामारी माझ्या वहीत आधीच होती, पण वहीत काढताना हाताला थरथर नसते. माझ्याकडं आता चालीगणिक मिळणाऱ्या तीस सेकंदांपलीकडं फारसं काही उरलं नव्हतं, तिच्याकडं अकरा मिनिटं होती. तीस सेकंदांत विचार, चाल, घड्याळ आणि लिहिणं. लिहिण्यामुळंच मी शांत राहिले असं मला वाटतं. चाल अक्षरात उतरवली की डोकं पुढच्या चालीसाठी मोकळं होतं.

मी एफ-६ करून थांबले. तिचा राजा एफ-४ वर, प्यादी ई-४ आणि एफ-५ वर, माझा राजा एफ-७ वर. ती पाच मिनिटं बसली. हाताची घडी, नजर पटावर. मग ई-५. माझ्या प्याद्यानं शह देत मारलं, तिच्या राजानं परत मारलं. पटावर आता तिचा एफ-५ वरचा एकच प्यादा आणि दोन हत्ती.

हत्ती आणि प्यादं विरुद्ध हत्ती. इथं अठराव्या शतकातला एक फ्रेंच माणूस माझ्या बाजूनं उभा होता. फिलिडोर. व्यवसायानं संगीतकार, ऑपेरा लिहायचा, आणि आपल्या काळातला सगळ्यात बलवान बुद्धिबळपटू. त्यानं १७७७ साली दाखवून दिलेला बचाव आजही जसाच्या तसा चालतो. आपला राजा प्याद्याच्या समोर ठेवायचा. हत्ती आपल्या बाजूनं तिसऱ्या रांगेवर, म्हणजे पांढऱ्याच्या हिशेबानं सहाव्या रांगेवर, आडवा लावायचा, म्हणजे समोरच्याचा राजा पुढं येऊ शकत नाही. मग थांबायचं. हत्ती त्याच रांगेवर इकडून तिकडं सरकवत राहायचं. समोरच्याला काही करायचं तर प्यादं सहाव्या रांगेवर ढकलावंच लागतं, आणि ते ढकललं की त्याच्या राजाला लपायला आडोसा उरत नाही. त्याच क्षणी आपला हत्ती पार दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं. यात एकच धोका आहे. घाबरून हत्ती वेळेआधी खाली नेला तर डाव जाऊ शकतो, आणि प्यादं सरकल्यावरही नेला नाही तरी डाव जाऊ शकतो.

मी हत्ती बी-६ वर ठेवला. तिनं सातव्या रांगेतून शह दिला, माझा राजा एफ-८ वर गेला. मग मी बी-६, सी-६, बी-६ करत राहिले. तिनं हत्ती हलवून बघितला, माझी परीक्षा घेतली. तिला हा बचाव पाठ असणार, चौदाव्या वर्षी २१४३ ला पोचलेल्या पोरीला तो नसेल तर कुणाला असेल. पण मला येतो की नाही हे तिला खेळूनच कळणार होतं, आणि ते बघणं हा तिचा हक्कच होता. मला त्या क्षणी तिचा जितका आदर वाटला तितका पूर्ण डावात वाटला नाही. सोळा गुण जाणार आहेत, भूक लागली आहे, बाहेर वडील ताटकळलेत, आणि ही प्रत्येक चाल पहिल्या चालीसारखी नीट बघून खेळते आहे.

शेवटी तिनं एफ-६ केलं. माझा हत्ती बी-१ वर. राजा ई-६, मी ई-१ वरून शह. राजा एफ-५, एफ-१ वरून शह. राजा जी-६, जी-१ वरून शह. ती परत फिरली, मीही. शहामागून शह, लपायला जागा नाही.

तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की ड्रॉचा दावा करता येतो, आणि ती आता येणार होती. इथं खूप जण घोटाळा करतात, चाल खेळून घड्याळ दाबून मग पंचांना बोलावतात, आणि तोवर हक्क गेलेला असतो. नियम असा की जी चाल खेळल्यावर स्थिती तिसऱ्यांदा येणार ती पटावर खेळायची नाही, नुसती स्कोअरशीटवर लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि पंचांना सांगायचं. दावा चुकला तर समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात. मी लिहिलं, हत्ती एफ-१, शह. घड्याळ थांबवलं आणि हात वर केला. पंच आले, दोघींच्या स्कोअरशीट घेतल्या आणि शेजारच्या रिकाम्या पटावर शेवटच्या चाली मांडायला लागले. अर्ध्यात असतानाच ती मुलगी म्हणाली, ‘सर, बरोबर आहे. तीनदा झालंय.’

पंचांनी तरी पूर्ण बघितलं. मग दोघींनी दोन्ही कागदांवर अर्धा-अर्धा लिहून सह्या केल्या. सव्वादोन वाजले होते.

मला वाटलं ती निघून जाईल. कुणी गेलं असतं तरी मी काही म्हणणार नव्हते. पण बाहेर आल्यावर तिनं दप्तरातून घडीचा चुंबकी पट काढला आणि व्हरांड्यातल्या कट्ट्यावर मांडला. ‘काकू, पाच मिनिटं आहेत? एक दाखवायचं होतं.’ तिच्या वडिलांनी डबा उघडला होता. भाकरी, मेथीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. त्यांनी मला न विचारताच अर्धी भाकरी हातावर ठेवली. ‘खावा ओ ताई, चार तास झालं बसलाय.’ त्यांनी निकाल विचारला नाही, तो त्यांना लेकीच्या चालण्यावरून कळला असावा.

तिनं सुरुवातीपासून काही दाखवलं नाही. सरळ ती स्थिती मांडली, चारास तीन, माझं जी-६ नुकतंच झालेलं. ‘इथं मला जी-४ पाहिजे होतं. मी हत्ती सातव्यावर नेला, ते दिसायला भारी होतं. तुम्ही लगेच एच-५ केलं तेव्हाच मला कळलं की तुम्हाला हे येतंय.’ मग तिनं जी-४ खेळून दाखवलं आणि मला काळ्याकडून खेळायला लावलं. तीच मी, तोच हत्ती, तीच प्यादी, फक्त एच-५ ची जागा गेलेली. वीस चालींत तिनं मला हरवलं. फार सहज. मग पट फिरवून म्हणाली, ‘आता तुम्ही पांढरे घ्या,’ आणि जी-४ झालेल्या त्याच स्थितीतून तिनं काळ्याचा बचाव करून दाखवला. राजा कुठं ठेवायचा, हत्ती कधी मागून आणायचा, एफ-६ कधी. ‘ड्रॉ याच्यातही आहे काकू, पण वाट बारीक आहे. घरी बघा.’

मी विचारलं, ‘तुला हे कुणी शिकवलं?’

‘सरांनी. दोन्ही बाजूंनी खेळायला लावतात. जिंकेपर्यंत एक बाजू, वाचेपर्यंत दुसरी.’

मी आजवर नुसती बचावाची बाजू खेळत आले होते. स्कोअरशीटच्या मागं मी ती जी-४ वाली स्थिती उतरवून घेतली. तिनं माझ्या खुणेत एक दुरुस्ती केली, राजा जी-१ वर नाही, एच-२ वर आहे.

तीन वाजता दुसऱ्या फेरीचं पेअरिंग भिंतीवर लागलं. अर्ध्या गुणांच्या गटात सगळे असेच होते, काही वरचे ज्यांचा अर्धा गुण गेला आणि काही खालचे ज्यांना तो मिळाला. तोही गट मधोमध कापला जातो. त्यामुळं तिला पुन्हा सोळाशेच्या आतला एक कॉलेजचा मुलगा आला आणि मला पांढरी मोहरी घेऊन २०६१.